टेकू आणि जॅक

ठाण्याहून बेलापुराकडे जाणाऱ्या सडकेवर, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशीं तुर्भें नांवाचें गांव आहे. खाडीपलीकडे मुंबईच्या बाजूस इंग्रजांनीं ज्याचें ट्रॉम्बे करून टाकलें, तेंहि मूळचें तुर्भेंच. एकाच नांवाचीं दोन गांवें एकाच खाडीच्या दोन तीरांवर समोरासमोर कशीं वसलीं, हा स्थलनामांच्या अभ्यासकांचा विषय आहे. प्रस्तुत लेखकाचा नव्हे. आपल्याला काम आहे तें पूर्वतीरावरील तुर्भ्याशीं. भाताचीं खाचरें, मिठागरें, आगरी-कोळ्यांचीं घरें आणि डोंगरांतील दगड एवढीच ज्याची मिळकत होती, त्या गांवाचें रूप एका पिढींत पार पालटून गेलें. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, १९७३ सालीं खाडीवर वाशीचा पूल झाला, सडकेच्या कडेनें कारखाने उभे राहिले, आणि पुढें मुंबईचे घाऊक बाजार एकामागून एक खाडी ओलांडून इकडे आले. कांदे-बटाटे आधीं आले. भाजीपाला व फळें १९९६ सालीं आलीं. बाजार आला कीं त्याच्या पाठोपाठ मालमोटार आलीच. आज तुर्भ्यास माणसांच्या खालोखाल कोणाची वस्ती असेल, तर ती मालमोटारींची आहे.

या वस्तींतून सकाळच्या वेळीं जो कोणी पायीं फिरेल, त्याला एक देखावा हटकून दिसेल. एखाद्या गाडीचें मागचें चाक काढून बाजूला निजविलेलें असतें. गाडी त्या अंगानें किंचित् उचललेली असते. आणि तिच्या पोटाखालून माणसाचे दोन पाय तेवढे बाहेर आलेले असतात. पाय मधून मधून हलतात, पान्याचा ठण्‌ठण् आवाज येतो, कधीं एखाद्या गाण्याची ओळहि ऐकूं येते. येणारे-जाणारे त्या पायांना वळसा घालून आपल्या वाटेनें जातात. मीहि कित्येक वर्षें असाच वळसा घालून गेलों आहें. त्या माणसाची छाती आणि ती आठ-दहा टनांची गाडी यांच्या मध्यें काय आहे, हा प्रश्न मला फार उशिरां पडला. आणि कसा पडला तें पुढें सांगेन. त्यांच्या मध्यें असतें तें हात-दीड हात उंचीचें एक लोखंडी यंत्र. त्याला आपण जॅक म्हणतों.

ओझें उचलणें आणि उचललेलें ओझें धरून ठेवणें हीं दोन कामें आहेत, एक नव्हे. हें ज्ञान आपल्याकडे मोटारीबरोबर आलें नाहीं. तें बैलगाडीच्या काळापासून होतें, किंबहुना बैलगाडीच्या काळींच तें अधिक पक्कें होतें. १८३० सालीं सर जॉन माल्कम यानें बोरघाटाची गाडीवाट खुली केली. तेव्हांपासून देशावरचा माल गाड्यांनीं पनवेलीस उतरूं लागला, व तेथून गलबतांत चढून मुंबईस जाऊं लागला. पनवेल तुर्भ्यापासून पांचसहा कोसांवर आहे. तें बंदर म्हणून प्रसिद्ध असलें, तरी त्याचा खरा धंदा निराळाच होता. जुन्या सरकारी गॅझेटियरांत पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून गाडीचीं चाकें करण्याचा निर्देश आहे. घाट उतरून आलेला बहुतेक प्रत्येक गाडीवान परततांना चाकांची एक जोडी घेऊन जात असे. घाटाच्या दगडांनीं जुनीं चाकें खिळखिळीं व्हावीं आणि पनवेलच्या सुतारांनीं नवीं घडवावीं, असा तो व्यवहार होता.

आतां चाक बदलावयाचें म्हणजे गाडी उचलली पाहिजे. दोघे-तिघे गडी आंसाखालीं लांब वासा घालीत, वाशाखालीं धोंडा देऊन त्याची तरफ करीत, आणि मोकळ्या टोंकावर अंगाचा भार टाकून गाडीचें एक अंग उचलीत. पण गाडी उचलली म्हणजे लगेच कोणी चाकाला हात घालीत नसे. आणखी एक जण आधींच तयार ठेवलेला ओंडका किंवा दगडांची चवड आंसाखालीं सारी, मग वाशावरचे गडी हलकेच ढिले होत, आणि गाडी त्या टेकूवर बसे. गाडी टेकूवर बसली, वासा काढून ठेवला, गड्यांनीं घाम पुसला, कीं मग आंसाच्या टोंकाची खीळ काढावयाची. हा क्रम कोणा शहाण्यानें नियम म्हणून घालून दिलेला नव्हता. तो माणसाच्या थकव्यानें घालून दिला होता. वाशावर लोंबकळणारा गडी पांच मिनिटांपलीकडे टिकणार नाहीं हें उघड दिसत असे, म्हणून टेकूवांचून कोणाचें चालतच नसे. पुढें न थकणारें यंत्र आलें. आणि तें थकत नाहीं एवढ्यावरूनच टेकू अनावश्यक आहे असें माणसाला वाटूं लागलें. जॅकच्या इतिहासांतील मुख्य गोष्ट माझ्या मतें ही आहे.

जॅक या नांवाविषयीं दोन शब्द येथेंच लिहितों. जॅक हें इंग्रजांत अगदीं सामान्य माणसाचें नांव. जॉनचें घरगुती रूप. घरांतील हलकीं कामें करणारा पोऱ्या तो जॅक, आणि पुढें त्याच्या ऐवजीं तें काम करणारी वस्तूहि जॅकच. पायांतून बूट ओढून काढणाऱ्या लांकडी फळीला त्यांनीं जॅक म्हटलें, विस्तवावर मांसाची सळई फिरविणाऱ्या यंत्राला जॅक म्हटलें, आणि ओझें उचलणाऱ्या यंत्रालाहि तेंच नांव दिलें. मुंबईंतील मध्यमवर्गीय घरांत कोंकणांतून आलेल्या गड्याला, त्याचें खरें नांव कांहींहि असो, सरसकट ‘रामा’ म्हणत असत. तसाच हा प्रकार. उचलण्याचें काम गड्याचें आणि गड्याचा भरवसा किती धरावा हें धन्याला ठाऊक असावें, एवढा अर्थ त्या नांवांत होता असें मानलें तर तें फारसें चूक होणार नाहीं. असो.

यंत्र मात्र नांवाहून पुष्कळच जुनें आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या हीरोनें यंत्रशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला आणि जो आज अरबी भाषांतराच्या द्वारें आपल्याला उपलब्ध आहे, त्यांत ओझें हलविण्याचीं पांच मूलभूत साधनें सांगितलीं आहेत: रहाट, तरफ, कप्पी, पाचर आणि मळसूत्र. यांपैकीं शेवटच्या साधनाचा जॅक तेराव्या शतकांतील विलार द ऑनकूर या फ्रेंच कारागिराच्या चित्रवहींत काढलेला सांपडतो. लांकडी चौकटींत उभें केलेलें जाड मळसूत्र, आणि तें फिरविण्यासाठीं आडवे दांडे. मळसूत्राचा मोठा गुण असा कीं, त्याच्या आट्यांचा चढ अत्यंत मंद असतो. वरचें ओझें आट्यांवर कितीहि दाबून बसलें, तरी त्या मंद उतारावर घर्षणाचाच जोर अधिक ठरतो आणि मळसूत्र आपण होऊन उलटें फिरत नाहीं. दांडा सोडून गडी विडी ओढावयास गेला तरी ओझें जेथल्या तेथें राहतें. तेव्हां हें यंत्र नुसतें उचलीत नाहीं, धरतेंहि, असें कोणी म्हणेल. आणि तें अर्धें खरें आहे. मळसूत्र ओझ्याला खालीं येऊं देत नाहीं, पण आडवें जाऊं देण्यास तें मुळींच हरकत घेत नाहीं. उंच, सडपातळ, एका लहानशा पायावर उभें असलेलें हें यंत्र जितकें वर जावें तितकें डळमळीत होत जातें. गाडी दोन बोटें पुढें सरकली तर आट्या शाबूत राहूनहि सारें कोलमडतें.

दुसऱ्या जातीचा जॅक, जो तुर्भ्यास मालमोटारींखालीं दिसतो, तो द्रवाच्या दाबावर चालतो. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणीं दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हें पास्कालनें दाखविलें. त्याचा त्या विषयावरील प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. त्या तत्त्वावर जोसेफ ब्रामा या इंग्रजानें १७९५ सालीं दाबयंत्राचें पेटंट घेतलें, आणि १८५१ सालीं न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजननें उचलून नेतां येईल असा लहान जॅक केला. बारीक नळींतील दट्ट्या हातानें वरखालीं करावा, तेल मोठ्या नळकांड्यांत शिरावें, आणि तेथील जाड दट्ट्यानें ओझें वर ढकलावें. एका काडीपैलवानानें दहा टन उचलावे अशी ही जादू आहे. परंतु मळसूत्रांत ओझें लोखंडाच्या आट्यांवर बसलेलें असतें, आणि येथें तें तेलावर तरंगत असतें, हा भेद विसरतां कामा नये. तें तेल आंत कोंडून ठेवते एक करंगळीएवढी झडप आणि दट्ट्याभोंवतींचें रबराचें कडें. झडपेखालीं धुळीचा एक कण अडकला, कीं दहा टन सावकाश खालीं येऊं लागतात. आणि कडें फाटलें, कीं सावकाशहि येत नाहींत.

या यंत्राच्या इतिहासांत एक प्रसंग असा आहे कीं, तो प्रत्येक मोटारदुरुस्तीच्या दुकानांत सांगितला जावा. इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स आणि अँगलसी बेट यांच्या मध्यें मिनाईची सामुद्रधुनी आहे. तिच्यावरून आगगाडी नेण्यासाठीं रॉबर्ट स्टीफन्सननें ब्रिटानिया पूल बांधावयास घेतला. पूल म्हणजे लोखंडी पत्र्याच्या प्रचंड चौकोनी नळ्या. त्यांच्या पोटांतून गाडी जावयाची. मधल्या एकेका नळीची लांबी साडेचारशें फुटांहून अधिक आणि वजन दीड हजार टनांहून अधिक. नळी किनाऱ्यावर तयार करून, तराफ्यांवर घालून, भरतीच्या पाण्यानें मनोऱ्यांच्या पायथ्याशीं आणली, आणि तेथून मनोऱ्यावर बसविलेल्या जलदाबाच्या यंत्रांनीं ती सुमारें शंभर फूट वर चढवावयाची, असा बेत होता. यंत्राचा दट्ट्या एका खेपेस सहा फूट उचली. मग सांखळीच्या कड्या कमी करून पुढची खेप.

आतां गंमत पाहा. यंत्र नवें, सामर्थ्यवान, नुकतेंच दुसऱ्या एका पुलावर कसोटीस उतरलेलें. सहा फूट सरळ उचलावें आणि मग खालीं बांधकाम करावें, हें सोयीचें होतें. इंच-इंच उचलीत प्रत्येक इंचाला नळीच्या टोंकाखालीं भर घालीत जाणें हें कंटाळवाणें, वेळखाऊ आणि वरवर पाहतां निरर्थक होतें. स्टीफन्सन स्वतः त्या वेळीं लंडनला होता. परंतु त्यानें कामावरील माणसांस निक्षून कळविलें होतें कीं, नळी जसजशी वर चढेल तसतशी तिच्या खालीं भर घातलीच पाहिजे. कोणत्याहि कारणासाठीं हा क्रम मोडूं नये. १८४९ च्या ऑगस्टमध्यें, नळी वर चढत असतांना, एका यंत्राच्या ओतीव लोखंडी नळकांड्याचा तळ फुटून निखळला. तो खालीं कोसळला, त्यांत एका मनुष्याचा प्राण गेला. यंत्र संपलें; नळी धरण्यास आतां त्या टोंकाला कोणीहि नव्हतें. ती खालीं आली ती सुमारें वीतभर, आणि भर घातलेल्या टेकूवर येऊन थांबली. तिला इजा झाली, ती दुरुस्त करण्यास पैसा लागला. पण पूल वांचला, आणि १८५० सालीं त्यावरून गाडी धांवली. टेकू नसता तर दीड हजार टन लोखंड समुद्राच्या तळाशीं गेलें असतें, आणि त्याच्याबरोबर किती माणसें गेलीं असतीं याची गणती कोणी करावी?

वेल्समधील या गोष्टीचा आमच्या खाडीशीं काय संबंध, असें वाचक विचारतील. संबंध आहे. त्याच १८४९ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें आपला मुख्य इंजिनियर नेमला तो जेम्स बर्कली, स्टीफन्सनचा शिष्य, आणि नेमणूक झाली ती स्टीफन्सनच्याच शिफारशीनें. बर्कली १८५० च्या आरंभीं मुंबईस उतरला. १८५३ च्या एप्रिलांत ठाण्यापर्यंत गाडी गेली, आणि १८५४ च्या मे महिन्यांत, ठाण्याच्या खाडीवर पूल घालून व पारसिकच्या डोंगराला वळसा देऊन, कल्याणपर्यंत. तीच ही खाडी आणि तोच हा डोंगर. तुर्भ्याचे लोक शेतांत उभे राहून ज्या डोंगराकडे पाऊस कधीं येतो म्हणून पाहत, त्याच्याच उत्तरेकडील अंगाला स्टीफन्सनच्या घरांत शिकलेला हा मनुष्य लोखंडी मार्ग नेत होता. रेल्वेच्या कारखान्यांतून जॅक आणि त्याला चालविणारे मराठी कामगार तयार झाले ते त्यानंतर. परळच्या कारखान्यांत इंजिन उचलणें हें रोजचें काम झालें. त्या शिस्तीच्या कारखान्यांत, टोळीच्या मुकादमाच्या देखरेखीखालीं, ठोकळे आणि टेकू यांना मान होता.

मोटार आली आणि जॅक कारखान्याच्या बाहेर पडला. १८९७-९८ च्या सुमारास मुंबईंत पहिल्या मोटारी आल्या. त्या काळच्या सडकांवर बैलांच्या पत्र्यांचे आणि घोड्यांच्या नालांचे गळालेले खिळे ठायीं ठायीं पडलेले असत, आणि हवेच्या टायरांना त्यांच्याइतका वैरी दुसरा नव्हता. आरंभीच्या मोटारींना जादा चाकच नसे. रस्त्यांत बसून टायर काढा, जोडा आणि भरा. वेल्समधील लनेल्ली गांवच्या स्टेपनी नांवाच्या गल्लींत १९०४ सालीं एका कारागिरानें जादा चाक तयार केलें. तें आरे नसलेलें नुसतें कडें होतें, फुटलेल्या चाकाला बाजूनें आवळून बसवावयाचें. इंग्रज तो शब्द विसरून गेले. आम्हीं मात्र त्या गल्लीचें नांव आजतागायत गाडीच्या पाठीवर वाहत आहोंत. जेथें स्टेपनी तेथें जॅक. १९२६ सालीं मुंबईंत बस सुरू झाली, १९२८ सालीं शिवडीस जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना निघाला, १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर कंपनी काढली आणि कुर्ल्यास मोटारी होऊं लागल्या, १९४८ च्या १ जूनला पुणें-नगर रस्त्यावर एस. टी. ची पहिली गाडी धांवली. प्रत्येक गाडीबरोबर एक जॅक आला, आणि त्याच्याबरोबर मुकादम आला नाहीं.

लहानपणीं घाटांत एस. टी. चें चाक बदलतांना मीं पाहिलें आहे. कंडक्टर सर्व उतारूंस खालीं उतरवी. आंत कोणी राहूं नये हा दंडक होता, मग म्हातारी असो कीं लेंकुरवाळी. मग तो आम्हां पोरांना धोंडे आणावयास पिटाळी. ते चाकांच्या पुढें आणि मागें लागत. चाकाच्या नटा गाडी जमिनीवर असतांनाच सैल केल्या जात, कारण उचललेल्या गाडीवर पान्यास हिसके देणें म्हणजे जॅकलाच हिसके देणें. हें सर्व झाल्यावर ड्रायव्हर जॅक लावी, आणि तोहि आंसाखालीं पाहून, चांचपून. या शहाण्या पद्धतीला एकच गालबोट होतें, तें हें कीं काम उरकल्यावर धोंडे रस्त्यांतच राहत आणि रात्रीं मागून येणाऱ्यांच्या वाटेंत येत.

धोंड्यांची गरज कां, हें पुष्कळ सुशिक्षित मोटारवाल्यांस अजून ठाऊक नसतें. ते म्हणतात, हातब्रेक ओढला आहे, गिअर टाकला आहे, गाडी जाईल कोठें? पण मागच्या दोन चाकांच्या मध्यें दंतचक्रांची एक जोडणी असते. वळणावर एक चाक कमी व दुसरें अधिक फिरावें म्हणून ती केलेली असते. इंजिनाचा जोर मागच्या चाकांस मिळणाऱ्या गाडीचें त्यांपैकीं एक चाक अधांतरीं झालें, कीं या जोडणीमुळें गिअरची पकड नाहींशी होते: अधांतरीं चाक उलटें फिरतें आणि जमिनीवरचें सुलटें, आणि गाडी गिअरमध्यें असूनहि खुशाल चालूं लागते. ज्या गाड्यांत हातब्रेक चाकांवर नसून इंजिनाकडून मागें येणाऱ्या दांड्यावर असतो, त्यांत ब्रेकचीहि तीच गत. म्हणजे ज्या क्षणीं गाडी स्थिर राहण्याची सर्वांत अधिक गरज, नेमक्या त्याच क्षणीं तिचीं बंधनें सुटतात. तेथें एक साधी लांकडी पाचर जें करते तें सारें यंत्रशास्त्र करूं शकत नाहीं.

हें ज्ञान मला पुस्तकांतून मिळालें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. १९९८ च्या पावसाळ्यांत माझ्या जुन्या फियाटचें चाक तुर्भ्याच्या नाक्याअलीकडे बसलें. पाऊस थांबला होता, पण कडेची जमीन चिखलाची. मीं एक पातळशी फरशी शोधून तिच्यावर जॅक उभा केला, धोंडा एकहि लावला नाहीं, आणि स्वतःच्या हुशारीवर खूष होऊन चाक काढलें. एक नट घरंगळत गाडीखालीं गेली. मी चिखलांत पालथा पडलों आणि खांद्यापर्यंत हात आंत घातला.

“साहेब, हात बाहेर घ्या आधीं!” अशी मागून आरोळी आली. लासलगांवहून कांदा घेऊन आलेल्या मालमोटारीचा ड्रायव्हर होता; गृहस्थ साठीकडे झुकलेला. माझें उत्तर ऐकण्याच्या भानगडींत न पडतां त्यानें माझें काढलेलें चाक उचललें आणि गाडीच्या कडेखालीं आडवें सरकवून दिलें. “आतां शोधा नट,” तो म्हणाला, “जॅकचा काय भरवसा धरतां?” मला त्याचा थोडा रागच आला होता. इतक्यांत दगडाच्या खडीनें भरलेली एक गाडी शेजारून गेली. जमीन हादरली, फरशी दुभंगली, जॅक तिरपा झाला आणि फियाट खालीं आली. आली ती चार बोटें, चाकावर बसली. मिनाईच्या सामुद्रधुनींत वीतभर, तुर्भ्यास चार बोटें. स्टीफन्सनची गोष्ट मीं वाचली ती यानंतर पुष्कळ वर्षांनीं, आणि वाचतांना मला तो कांद्याच्या गाडीवरचा म्हाताराच डोळ्यांपुढें दिसला. त्याचें नांव विचारावयाचें राहून गेलें.

कायद्यानें या बाबतींत काय केलें, तेंहि पाहण्यासारखें आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यांत ओझें उचलणाऱ्या यंत्रांसंबंधीं स्वतंत्र कलम होतें. जबाबदार तज्ज्ञाकडून बारा महिन्यांतून एकदां तरी तपासणी, किती ओझें उचलावें त्याचा आंकडा यंत्रावर स्पष्ट लिहिणें, इत्यादि तरतुदी त्यांत होत्या. परंतु ओझें उचलणारें यंत्र म्हणजे काय हें सांगतांना याऱ्या, कप्प्या, रहाट वगैरेंची जी यादी दिली, तींत जॅकचें नांव नव्हतें. शिवाय मूळ कायद्याप्रमाणें विजेवर चालणाऱ्या कारखान्यांत किमान दहा मजूर असल्याखेरीज तो त्याच्या कक्षेंतच येत नसे. तुर्भ्याचा मिस्त्री, त्याचा एक हाताखालचा गडी आणि एक पोऱ्या मिळून तीन होतात. सडकेच्या कडेला बसलेला क्लीनर तर एकटाच. ज्याला सर्वांत अधिक धोका त्याच्यापर्यंत कायदा पोंचलाच नाहीं. त्याच्यापर्यंत पोंचली ती फक्त त्याच्या उस्तादाची संवय, बरी असो वा वाईट.

आणि वाईट संवयी पुष्कळ आहेत. टेकू म्हणून सिमेंटच्या पोकळ विटांची चवड लावलेली मीं या भागांत कितीदां तरी पाहिली आहे. लांकूड दबतांना कुरकुरतें, माणसाला इशारा देतें. पोकळ वीट एका क्षणांत पीठ होते. वैशाखांत डांबर मऊ होतें आणि जॅकचा पाय त्यांत रुततो. त्याच्याखालीं जाड रुंद फळी घालण्याचा कंटाळा केला जातो. पांच टनांच्या जॅकवर दहा टनांची गाडी चढविली जाते, ‘थोडाच वेळ’ या सबबीखालीं. अपघात होण्यास थोडाच वेळ लागतो हें खरें.

इकडे जॅकचें राज्यहि आटोपत आलें आहे. २०२० सालीं केंद्र सरकारनें साडेतीन टनांपर्यंतच्या उतारू मोटारींना, टायरांतील हवेचा दाब दाखविणारी व्यवस्था आणि पंक्चर बुजविण्याचा संच असल्यास, स्टेपनी न बाळगण्याची मुभा दिली. माझ्या पुतण्याच्या नव्या मोटारींत स्टेपनी नाहीं, आणि म्हणून जॅकहि नाहीं. लनेल्लीच्या गल्लीचें नांव कदाचित् त्याच्या मुलांना ठाऊक राहणार नाहीं. मालमोटारींचें मात्र तसें नाहीं. त्यांच्या चेसिसखालीं स्टेपनी आजहि लटकत असते, आणि कांहींच्या पेटींत बाभळीचा एक काळाकुट्ट झालेला ठोकळाहि असतो.

परवांच तुर्भ्यास एका पत्र्याच्या शेडपुढें थांबलों होतों. आंध्राची मिरचीची गाडी दुरुस्तीस लागली होती. चौदा चाकांचें धूड. मिस्त्रीनें जुन्या आंसाच्या नळ्या कापून, त्यांस तीन तीन पाय जोडून, दोन घोड्या केलेल्या आहेत. प्रत्येक घोडी पोराच्या कमरेएवढी. नवा पोऱ्या मोठ्या उत्साहानें जॅक लावून दांडा हातांत घेऊन उभा राहिला.

“दांडा ठेव खालीं,” मिस्त्री म्हणाला. “घोड्या कुठें आहेत?”

“आत्तां आणतों, उस्ताद. तंवर उचलतों ना.”

“आधीं आण.”

पोऱ्या तोंड वांकडें करून शेडमध्यें गेला. एकेक घोडी त्याला उचलवेना, म्हणून तीं फरफटत, जमिनीवर ओरखडे काढीत त्यानें बाहेर आणलीं. मिस्त्रीनें त्यांतली एक स्वतः गाडीखालीं आंसाजवळ सरकविली, पायानें ढकलून पाहिली, आणि मग त्यानें पोऱ्याला मान हलवून खूण केली.